पद्माचे ठिपके

अक्षर वाकडंतिकडं आहे, चुकाही असतील, माफ करावं. चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. पण पद्माचं मी नाही लिहिलं, तर कोण लिहिणार?

पद्मा माझी धाकटी बहीण. बेळगावच्या एका कॉलेजात तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचा अभ्यास करायची. निपाणीच्या शिवारातली, आमच्या आप्पांच्या मळ्यातली पानं मी तोडून आणायचे. ती त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन प्रत्येक ठिपक्याभोवती रेघ ओढायची आणि एका पानावर किती ठिपके, तो आकडा वहीत लिहायची. पण काम सेव्ह करून बंद केलं, की दुसऱ्या दिवशी एका पानावर एकच रेघ. तिचे सर म्हणाले, "वहीत एवढे ठिपके, फाइलीत एक. आकडे मनानंच टाकलेत तुम्ही." त्या दिवशी ती जेवली नाही.

मग हट्टाला पेटली. "आक्का, सगळं एकदम बघितलं तर कायबी कळत न्हाय. दोनच ठिपके घेऊ." दोन घेतले, सेव्ह केले, बंद करून उघडले. एकच! मी शेजारी पीठ मळत होते. विचारलं, "दोघांस्नी नाव काय दिलंस गं?"

"आप्पांचा मळा."

आमच्याकडं ज्याचा मळा, त्याचंच नाव पानांच्या सगळ्या जुड्यांना. तीच सवय तिनं ठिपक्यांना लावली होती. काम चालू असताना सगळे दिसायचे, पण सेव्ह होताना त्याच नावाचा नवा ठिपका जुन्याला पुसून बसायचा. नावापुढं एक, दोन असे आकडे लावले, तर दोन्ही परत आले.

"लई शाणी हाईस की, आक्का!" किती दिवसांनी हसली...

पुसलेल्या रेघा पुन्हा काढायच्या आधीच काविळीनं तिला गाठलं. दवाखान्यात शेवटचं म्हणाली, "मी खोटं न्हाय लिवलं."

"व्हय गं. मला ठावं हाय."

महिन्याभरानं सरांचा निरोप आला, सामान घेऊन जा. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. तरी गेले. पद्मानं पेपरात दाबून ठेवलेली ती पानं आणि तिची वही टेबलावर ठेवली. सरांनाच दोन रेघा काढायला लावल्या, एकच नाव द्यायला लावलं. बंद करून उघडलं. एकच रेघ.

सरांनी फाइल पुन्हा एकदा उघडून बघितली. मग म्हणाले, "पण बाकीचे ठिपके खरे कशावरून?"

"पानं हाईत की. मोजा."

"आत्ता वेळ नाही, बाई."

"मग मी बसते हितंच."

बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी चष्मा पुसून पहिलं पान घेतलं. एकतीस. वहीतही एकतीस. त्यांनी दुसऱ्या पानासाठी हात पुढं केला. मोजून होईपर्यंत दिसू नये म्हणून मी वहीतला आकडा तळहातानं झाकला आणि पान दिलं.