गाण्यातलं वहिनीचं नाव

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही — बायकोच्याही नाही. आणि आमच्या घरात बायकोपासून लपून राहिलेलं दुसरं काहीच नाही, यावरून काय ते समजा.

तुम्ही आमच्या आदिलाबादच्या भागात कधी आलात, तर ‘लेक चालली शाळेले’ हे नाटक तुम्हाला चुकवता यायचं नाही. तीसेक वर्षं चालू आहे. एप्रिलातली जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो, नाहीतर बाजारहत्नूरकडचं एखादं लग्न — लोक आधी नाटक ठरवतात, मग मांडव. भैंशाहून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. आईनं केलेली भूमिका आता तिची मुलगी करते. तेलुगू मीडियमची पोरं, ज्यांना मराठीचा म वाचता येत नाही, तीसुद्धा सगळी गाणी धडाधडा म्हणतात. गोष्ट तरी काय? शेतमजूर बाई साऱ्या गावाशी भांडून मुलीला शाळेत घालते — संपलं. टीव्ही आला, मोबाइल आला, पण या नाटकाची गर्दी हटली नाही.

खरं सांगू? लोक येतात ते शेवटच्या गाण्यासाठी. आई मुलीला शाळेच्या दारात सोडते आणि गाते —

जाय लेकी, मागं वळून पाहू नोको,
माह्या हाताच्या भेगा कोनाले दावू नोको,
किसन सांगे, शिकशीन तवा
माहं नाव लिहाले इसरू नोको.

आमच्याकडे रीत आहे — गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. ते नाव आलं की मैदान उठतं. शिट्ट्या, टाळ्या, वन्समोर. तो किसन म्हणजे मी, किसन मास्तर. या एका गाण्यावर मिळालेल्या शालींनी माझं कपाट भरलं आहे. थंडी मात्र आमच्याकडे दोनच महिने असते.

पण आईच्या तोंडच्या गाण्यात हा किसन आला कुठून? ‘माहं नाव लिही’ म्हणणारा हा पुरुष कोण? इतक्या वर्षांत कुणालाच कसं विचारावंसं वाटलं नाही? मी दर प्रयोगाला वाट पाहायचो. आज कुणीतरी विचारेल, आज विचारेल… नाही विचारलं.

गाणं माझं नाही. माझ्या वहिनीचं आहे. कमल तिचं नाव.

नाटक बसवलं दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर पेटी घेऊन बसायचा. गाणी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तेव्हा आदिलाबादला मास्तरकी शिकत होतो आणि स्वतःला मोठा कवी समजत होतो. मी तीन गाणी लिहिली. तालमीत कुणी ती गुणगुणलीसुद्धा नाहीत. वहिनीनं कापूस वेचता वेचता हे एक रचलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं मला म्हणून दाखवलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांत अख्खी वस्ती त्याची पहिली कडवी गात होती; शेवटचं तेवढं प्रयोगासाठी माझ्या वहीत राखून ठेवलं होतं.

शेवटच्या कडव्यात होतं — ‘कमल सांगे’. तीन अक्षरं. माझ्याही नावाची तीनच. चालीला धक्का न लावता मी कमल काढली आणि किसन बसवला.

चोरी केलीस, म्हणाल. केली. पण तेवढंच असतं, तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो.

दादानं वही पाहिली आणि म्हणाला, “काऊन बे, हे तं तिचं गाणं हाये ना?”

मी म्हणालो, वहिनीलाच लाज वाटते. चारचौघांत तिचं नाव नको म्हणते. तू विषय काढू नकोस, तिला कसंनुसं होईल. दादा साधा माणूस. बायकोचं मन जपायचं म्हणून गप्प बसला.

पहिल्या प्रयोगाला वहिनी सगळ्यात पुढं बसली होती. शेजारच्या बायकांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, “शेवटी माहं नाव येते, ध्यान ठेवजा.” शेवटचं कडवं आलं. किसनचं नाव आलं. टाळ्या पडल्या. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो — तिनं मांडीवरचे हात तसेच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बोअरवर गाठलं. “भाऊजी, माहं नाव कोनं काढलं?”

माझ्यावर तिला संशयसुद्धा नव्हता हो! मी तिच्या हातची भाकर खाऊन शाळा शिकलेला. मी असं कसं करीन?

मी म्हणालो, “दादानं काढलं. बाईचं नाव स्टेजवर शोभत नाही म्हने. त्याले इचारू नोका वहिनी, मंडळीत त्याची मान खाली जाईन.”

तिची घागर भरून वाहत होती. तिनं ती उचलली नाही. एवढंच म्हणाली, “नवरा असा दगा देईन, असं नव्हतं वाटलं मले.”

आणि तिनं त्याला खरंच कधी विचारलं नाही.

त्यानंतर वहिनीनं एकही गाणं रचलं नाही. दादाशी बोलायची ती कामापुरतं — जेवण वाढलंय, पाणी ठेवलंय. प्रयोगाआधी दादा माईकवर उभा राहून सांगायचा, बाईला मान द्या, तिच्या हुशारीला वाट द्या. त्याच्या मनापासून यायचं ते. तेवढ्यात वहिनी उठून घरी निघून जायची. लोक म्हणायचे, हिला नाटकाची आवडच नाही. दादालाही तेच वाटायचं. मला ठाऊक होतं तिला काय वाटत असेल — आणि मी विंगेत उभा राहून माझ्या नावाच्या टाळ्यांची वाट बघायचो.

चार वर्षांपूर्वी दादा आजारी पडला. दवाखान्यात एका दुपारी मी त्याला संत्र्याची फोड भरवत होतो. त्यानं माझा हात धरला. “किसन, तुही वहिनी जल्मभर माह्याशी धड काऊन नाही बोलली रे? म्या काय केलं होतं?”

एक वाक्य पुरलं असतं. वॉर्डात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, “तिचा सभावच तसा हाये, दादा.”

त्यानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेला. त्याला नेलं तेव्हा वहिनीच्या डोळ्याला पाणी नव्हतं. बायका कुजबुजल्या, तर मी त्यांच्यावर डाफरलो — मी!

आता वहिनी माझ्याकडेच असते, आदिलाबादजवळ मावल्याला. तिची लेक तिला न्यायला आली होती, तर वहिनी म्हणाली, “मी भाऊजीपाशीच राहीन.”

यंदाच्या एप्रिलात नाटकाच्या मंडळींनी माझा सत्कार केला. वहिनी पुढच्या खुर्चीत. वन्समोर आला आणि माईक माझ्या हातात दिला गेला. समोर ती होती, गाणं तिचं होतं, तोंडाशी माईक होता. काय कमी होतं सांगा? मी गायलो — किसन सांगे.

परतताना ऑटोत तिनं माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली. “एवढ्या मान्सात तुमीच एक खरं बोल्ले होते मले, भाऊजी,” म्हणाली.

मी हं म्हणालो.

आता ती पडवीत ज्वारी निवडत बसली आहे. मघाशी तिनं तिथूनच विचारलं, “काय लिहून राह्यले?” मी म्हणालो, “नाटकाचं.”

मी जन्मभर मास्तरकी केली. दुसऱ्यांच्या पोरांना अक्षर न् अक्षर गिरवून घेतलं. घरातल्या या बाईला एक अक्षर शिकवलं नाही. आज मी तिचं नाव कागदावर लिहिलं आहे. तिला ते वाचता येणार नाही, म्हणूनच लिहिलं आहे.