फळ्यावरचं वर्ष

दोन हजार तेवीस साली देशात काय काय झालं हे कुणी विचारलं, तर मला ते फळ्यावरूनच आठवतं. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत शिरताना डाव्या हाताला, जिन्याखाली, एक काळा फळा आहे. त्यावर रोज खडूनं लिहिलं जातं. वर चाळीतल्या बातम्या, म्हणजे कुणाची मुलगी पास झाली, कुणाकडे बारसं आहे, कुठल्या मजल्यावर पाणी येणार नाही. आणि खाली देशातली बातमी, एकच. ज्यांच्या घरी पेपर येतो तेसुद्धा ती एक ओळ वाचल्याशिवाय जिना चढत नाहीत.

हा फळा तीसेक वर्षं माझे सासरे लिहीत. सगळी चाळ त्यांना आबा म्हणते, मीही. आधी गिरणी, आणि गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या एका गोदामात आलेल्या मालाची नोंद ठेवायचं काम. अक्षर सुरेख, स्वभाव तिरसट. माझाही तिरसटच. त्यामुळे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी आमचं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'बरं' यापलीकडे गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, फक्त दोन तलवारी एका म्यानात जपून राहत होत्या.

त्यांचा फळ्याचा एक नियम मात्र मला पहिल्याच वर्षी कळला होता. आमच्या समोरच्या काकूंच्या मुलाची नोकरी जवळपास नक्की झाली होती, म्हणून मी हौसेनं म्हटलं, "आबा, लिहून टाका ना." ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, "झालां तां लिवचां. होतलां तां नाय." झालेलं लिहायचं, होणारं नाही. गोदामाची शिस्त ती. ट्रक दाराशी उभा असला तरी माल आत आल्याशिवाय वहीत चढत नाही. ती नोकरी पुढे लागली, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलीही. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय हा माणूस, आदल्या दिवशी लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

त्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आबांच्या हातातून वस्तरा पडला. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उजवा हात गेला होता आणि बोलणंही. तीन आठवड्यांनी घरी आले ते एकच शब्द घेऊन. 'तां.' चहा हवा तरी तां, नको तरी तां, आणि राग आला की तां-तां-तां. वाचताही येईना. पेपर हातात धरायचे, नजर ओळींवरून फिरायची, आणि मग ते पेपर अलगद बाजूला ठेवायचे. ते बघवत नव्हतं.

हॉस्पिटलात वाचा परत आणायचे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी होती. तिनं मला आणि नवऱ्याला समोर बसवून सरळ सांगितलं. "आजोबांना समजतंय सगळं. शब्द अडकलेत. एकेक शब्द येतील, पण खरी परीक्षा वाक्याची. कोण काय करतं, एवढं जोडता आलं पाहिजे. आणि ताई, जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. नंतर कठीण होत जातं." म्हणजे पुढच्या संक्रांतीपर्यंतची मुदत. अभ्यासही तिनंच दिला. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा, सावकाश, आणि प्रत्येक बातमीचा शेवटचा शब्द सोडून द्यायचा. तो आबांनी भरायचा.

नवऱ्याची विमानतळावर पाळीची नोकरी, त्यामुळे वाचणं माझ्याकडे आलं. मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे, साडेआठला निघते. साडेसहा ते सात पेपर. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मी ते वसुलीला आल्यासारखं केलं. भाजी फोडणीला टाकून वाचायची, मध्येच उठायची. शेवटचा शब्द सोडला की आबा माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, घाम यायचा त्यांना. मग "तां." एकदा मी चिडून म्हटलंही, "तां नाही हो आबा, तां नाही!" त्यांनी मान खाली घातली. ते आठवलं की आजही माझं मला बोचतं.

फळाही माझ्याच गळ्यात पडला. तो महिनाभर कोरा राहिला, तेव्हा येणारा-जाणारा आमच्या खोलीकडे बघून हळहळायला लागला. मला ती हळहळ सोसेना. म्हटलं, मी लिहिते. आमची खोली तळमजल्यावरच, त्यामुळे आबा दारात खुर्ची टाकून माझ्यावर लक्ष ठेवायचे. वाचता येत नव्हतं, पण फळ्यावरचं काही चुकलंय हे त्यांना माझ्या पाठीवरून कळायचं की काय कोण जाणे.

जूनमध्ये ओडिशात तीन रेल्वेगाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या सकाळी मला वाचवेना. मी गुपचूप पान उलटलं आणि कसल्याशा उद्घाटनाची बातमी सुरू केली. आबांनी डाव्या हातानं पान परत उलटलं आणि त्या फोटोवर बोट ठेवलं. मी वाचली, सगळी. शेवटचा शब्द सोडायचा मात्र राहून गेला, आणि त्या दिवशी त्यांनीही तो मागितला नाही.

ऑगस्टात आमचं जुंपलं. चांद्रयान संध्याकाळी सहाच्या सुमारास उतरणार होतं. मी अर्धी रजा टाकून आले होते, चाळीत सगळ्यांचे टीव्ही सुरू, कुणीतरी पेढे आणून ठेवलेले. मला वाटलं, नंतर गर्दीत कुठे लिहीत बसायचं? साडेचारलाच रंगीत खडूनं मोठ्ठं लिहिलं, 'भारत चंद्रावर पोहोचला.' चांगलं दिसत होतं. आबा काठी टेकत उठले. हॉस्पिटलातून आल्यापासून एकट्यानं दार ओलांडलेलं नव्हतं. फळ्यापाशी आले आणि चाळीतल्या दहा माणसांदेखत डाव्या बाहीनं ती ओळ पुसून टाकली. सदरा गुलाबी झाला.

मी खडू तिथंच टाकला आणि घरात जाऊन बसले. मनात नाही नाही ते बोलले. इतकं करते मी या माणसाचं, आणि हा माझा पाणउतारा करतो! मग टीव्हीवर तो शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा मला मागचं यान आठवलं. चार वर्षांपूर्वीही आम्ही असेच पेढे आणून बसलो होतो, आणि अगदी जवळ गेल्यावर त्याचा आवाज बंद झाला होता. माझ्या लक्षातून गेलं होतं. आबांच्या नव्हतं गेलं.

सहा वाजून काही मिनिटांनी चाळ अशी ओरडली की जिन्यावरची मांजरं पळाली. आबा तोवर फळ्यापाशीच उभे होते. मी बाहेर आले तर त्यांनी खडू उचलून माझ्यापुढे धरला होता. त्यांना वाकणं किती जड जातं ते मला माहीत होतं. मी तीच ओळ पुन्हा लिहिली. राग कुठे गेला ते कळलंच नाही.

त्यानंतर मी नियम पाळायला लागले. सप्टेंबरात संसदेत बायकांच्या राखीव जागांचं विधेयक मंजूर झालं. मी लिहायला गेले, 'महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या', आणि थांबले. मिळाल्या कुठे? जनगणना होणार, मग मतदारसंघ ठरणार, मग मिळणार. 'विधेयक मंजूर' एवढंच लिहिलं. खोलीत येऊन म्हटलं, "आबा, आमचा ट्रक अजून दाराशीच आहे बरं का." ते हसले. अर्ध्या तोंडानं, पण खळखळून. एकोणीस वर्षांत मी त्यांना हसवलेलं ते पहिल्यांदा.

शब्द येत होते, एकेक. चा. पानी. चांद. बस. शेवटचा शब्द सोडला की दहातले तीन-चार भरायचे. पण वाक्य नाही. ती मुलगी दर पंधरवड्याला चित्रं दाखवायची. बाई पाणी भरते, माणूस झाड तोडतो. आबा म्हणायचे, "बाई." मग बऱ्याच वेळानं, "पानी." दोन्हींच्या मधला सांधा काही जुळत नव्हता. दिवाळी आली, आणि मुदतीचे दोनच महिने उरले.

लक्ष्मीपूजनाच्या पहाटे उत्तराखंडात बोगदा खचला आणि मजूर आत अडकले. आधी चाळीस म्हणाले, मग एक्केचाळीस. आबांनी फराळाचं ताट बाजूला सारलं. गिरणगावच्या माणसाला मजूर आत आणि दार बंद, याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसापासून फळ्यावर एकच ओळ होती: 'दिवस दुसरा. अजून आत.' 'दिवस तिसरा. अजून आत.' टीव्हीवाले रोज सांगायचे, आज संध्याकाळपर्यंत निघतील. मी ते लिहिलं नाही.

आठव्या दिवशी क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. आपण ओळीनं दहा सामने जिंकलेले. दुपारी बघते तर चाळीतल्या मंडळाच्या पोरांनी माझ्या ओळीवरून लिहून ठेवलेलं, 'विश्वविजेता भारत.' मी फडकं घेतलं आणि पुसलं. ओरडले सगळे. "वहिनी, काय हे! अपशकुन!" मी म्हटलं, "जिंका आणि या, मीच लिहीन, सोनेरी खडूनं." रात्री ते सगळे तोंडं पाडून जिन्यावर बसले होते. त्यातला एक मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुसलंत ना, म्हणून हरलो आपण." अजूनही मॅच हरली की चाळीत माझं नाव निघतं.

सतराव्या दिवशीच्या पेपरात होतं, मशीन मोडल्यानंतरचा शेवटचा भाग आता माणसं हातानं खणतायत. मी ते सकाळी आबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनीच मागितलं, पेपरावर बोट आपटून. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. टीव्हीवर पहिला मजूर बाहेर आला, गळ्यात हार घातला कुणीतरी. मग दुसरा, तिसरा. आबा मोजत होते, डाव्या हाताच्या पेरांवर. शेवटचा आला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव!" स्वच्छ, हुकमी. मी पिठाच्या हातानं धावले. 'दिवस सतरावा. सगळे बाहेर.' ती ओळ लिहिताना माझे डोळे भरून आले होते, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या बऱ्याच जणांचेही.

पण 'लिव' हासुद्धा एकच शब्द. डिसेंबर गेला. मी पेपर वाचत होते, ते शेवटचे शब्द भरत होते. थंडीत माझा घसा बसला, तरी खरखरत वाचलं. आता वसुली राहिली नव्हती. सकाळचा तो अर्धा तास माझ्या दिवसातला सगळ्यात शांत वेळ झाला होता. खरं सांगायचं तर, पेपरातला देश मी त्याआधी कधी एवढा नीट बघितलाच नव्हता.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आम्ही परळला गेलो. वर्षाची तपासणी. त्या मुलीनं या वेळी चित्रं काढली नाहीत. म्हणाली, "आजोबा, आज गप्पा मारू. गेल्या वर्षी देशात काय काय झालं, सांगा मला."

आबांनी वेळ घेतला. "चांद," म्हणाले. मग "गाडी", आणि मान हलवली. "बोगदो." मग कपाळावर हात मारून, "कप!" ती हसली, कागदावर लिहीत गेली. माझं लक्ष कागदाकडेच होतं. शब्द, शब्द, शब्द. मी मनाशी म्हटलं, चला, एवढं आलं हे काय थोडं झालं?

"अजून काही, आजोबा? मोठं काही?"

आबांनी डावा हात उचलला. मला वाटलं पाणी हवंय, मी बाटली काढायला वाकले. त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

"ही," ते म्हणाले. मग ओठ हलत राहिले, घाम आला. "ही… रोज… वाचता."

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "वाक्य."

"हो आबा, रोज वाचते," मी म्हटलं, आणि त्या एवढ्याशा खोलीत, परक्या मुलीसमोर, पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडून घेतलं.