बसवनगुडीच्या जुळ्या बहिणी

मी हुशार आहे असा तुमच्यापैकी कुणाचा समज असेल, तर चहा संपवून आत्ताच उठा. पुढचं तुम्हाला ऐकवणार नाही.

बेंगळुरूत माझं संशोधन चालायचं पोटातल्या जंतांवर. एकाच घरात, एकाच नळाचं पाणी पिऊन एकाला जंत होतात, दुसऱ्याला होत नाहीत. हे घराण्यातून येतं का? त्यासाठी वंशावळ काढायची आणि प्रत्येकाची थुंकी नळीत घ्यायची. फेलोशिप संपत आली होती, हाती काही लागलं नव्हतं. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या होत्या, "काहीतरी दाखव, नाहीतर पुण्याचं तिकीट काढ."

बसवनगुडीत अक्कांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या इथलं मराठी. त्यांनी भावंडांची नावं सांगितली, सगळ्यांत धाकटी कमल. त्यांच्या नात्यातलं दुसरं घर महादेवपुऱ्यात. तिथल्या आजोबांनी सुनांची नावं सांगितली, थोरली इंदिरा. मी नावांच्या चिठ्ठ्या लावून दोन्हीकडे नळ्या ठेवून आलो. सगळी आपलीच माणसं, मला वेगळं काय विचारायचं होतं?

निकाल पाहून मी खुर्चीतून उडालोच. कमल आणि इंदिरा, दोघींचा डीएनए तंतोतंत एक! म्हणजे जुळ्या. जन्मताच ताटातूट झालेल्या. मी लगेच मॅडमना कळवूनही टाकलं.

पण अक्कांना कसं सांगायचं? बाई सत्तरीच्या. मी सोबत ग्लुकोजचा पुडा घेऊन गेलो.

"अक्का, मन घट्ट करा. तुमच्या आईला जुळं झालं होतं."

"कधी?"

"कमलताईंच्या वेळी. दुसरी मुलगी दवाखान्यातच बदलली गेली असणार. पण ती जिवंत आहे. महादेवपुऱ्यात. इंदिरा नावाची."

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत वळून म्हणाल्या, "कमल, स्वल्प बाहेर ये गं. तू सापडलीस म्हणे."

एक बाई पदराला हात पुसत आल्या. "मीच इंदिरा. लग्नात नाव बदललं. तुमची नळी माहेरीही आली, सासरीही आली. मला वाटलं, दोनदा थुंकायचं असतं."

"तुमच्या पुण्यात बदलत नाहीत का नाव?" अक्कांनी विचारलं. "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

"मंदा," मी म्हणालो. "सासरचं शैलजा."

"सरी, बरं," म्हणत अक्का उठल्या आणि ग्लुकोजचं पाणी मलाच करून दिलं.

मॅडमसमोर उभं राहताना लाजेनं मान वर होत नव्हती. फेलोशिप मात्र सहा महिने वाढली. मुदतवाढीच्या कागदावर त्यांनी कारण लिहिलं होतं : 'उमेदवाराला इतक्यात एकटं सोडणं धोक्याचं आहे.'