चहाआधीचं आमेन

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपात सुमंत रणभिशांच्या हाताखालून गेलेल्या शाफ्टमध्ये केसाइतकाही फरक निघायचा नाही, असं मालक स्वतः सांगायचा. अडतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. मशिनच्या आवाजातली बारीकशी खरखरसुद्धा त्यांना दुसऱ्या टोकाहून ऐकू यायची. म्हणजे कान शाबूत होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं कुणी बहिरेपणाच्या नावाखाली त्यांना सोडवायला नको.

केशवापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवस सुरू व्हायचा सहाला. मालतीबाई तीन पेले चहा स्टुलावर ठेवायच्या, वर बश्या झाकायच्या. मग नवरा, बायको आणि मुलगी स्वाती, तिघांनी हात जोडून एकेका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे. सुमंतरावांनी आमेन म्हटलं की बश्या उचलायच्या. ऐकायला किती गोड! पण सुमंतराव पडले मापाचे माणूस. देवाशी बोलायलासुद्धा त्यांनी नियम घालून ठेवले होते. काल मानलेला उपकार आज चालायचा नाही, रोज नवा हवा. आणि आमेनच्या आधी तक्रारीचा एक शब्द निघता कामा नये. उपकार पुन्हा येऊ नये म्हणून ते डायरीत तारीखवार लिहून ठेवायचे. अशा एकोणतीस डायऱ्या कपाटात होत्या. चर्चच्या मंडळीत केवढं नाव त्यांचं! पाळकसाहेबांनी उपदेशात दोनदा त्यांच्या घराचं उदाहरण दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, चहा झाल्यावर तक्रार करायला कुणाची ना होती? कुणाचीच नव्हती. फक्त ऐकायला कुणी नव्हतं. साडेसातला सुमंतराव डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी आले की चर्चच्या पंचांची बैठक, नाहीतर कुणाच्या तरी घरी प्रार्थना. मधेच मालतीबाईंनी काही काढलं, तर ते हसून म्हणायचे, सकाळी एवढे उपकार मानलेस, आता कुरकुर कशाला? रागावून म्हणायचे नाहीत हो. रागावले असते तर परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं.

एकदाच तिनं नियम मोडला होता. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. माहेरी अळणावरला तिचा धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला. मातीला जाऊन आली त्याच्या दुसऱ्या सकाळी म्हणाली, आज माझ्याकडं काही नाही. सुमंतराव डोळे मिटून, हात जोडून बसून राहिले. सात वाजले, आठ वाजले. चहावर साय धरली. कामाचा खाडा झाला तरी माणूस हलेना. शेवटी तिनंच हुंदका गिळून म्हटलं, श्वास चालू आहे, उपकार. ते यांनी डायरीत लिहिलं. वर रविवारी मंडळीत उभं राहून साक्ष दिली, माझ्या बायकोनं दुःखातही देवाचे उपकार मानले म्हणून. बायका डोळे पुसत होत्या. मालतीबाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

त्या दिवसापासून ती शिकली. जे काही सांगायचं ते उपकारात बसवून सांगायचं.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. आपल्या हुबळीत पाणी आठ दिवसांनी एकदा येतं, त्या दिवशी पिंपं भरायची म्हणजे कंबरडं मोडतं. आधी तिला वाटलं, त्याचंच असेल. मग अन्न जाईना. अंगावरचे ब्लाऊज ढगळ झाले. स्वाती दुर्गदबैलाच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला, सकाळी जाऊन रात्री आठला येणारी. तिनं दोनदा विचारलं, आई, बरी आहेस ना, अप्पांना सांगितलंस का? मालतीबाई म्हणाल्या, रोज सांगते की.

मार्चमध्ये न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं दवाखाना दिसला. डॉक्टर तरुण होता, मायाळू होता. पोट चाचपत त्यानं कानडीत विचारलं, "अम्मा, यावागिंद नोवु?" दुखतंय कधीपासून, एवढंच. ती छताकडं बघत राहिली. उत्तर सुमंतरावांनी दिलं. म्हणाले, पंधरा दिवस झाले असतील, आमच्यात लपवाछपवी नाही, काही असतं तर बोलली असती. तपासण्या झाल्या. डॉक्टरनं त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, की गाठ पोटातली आहे आणि पाठीपर्यंत गेली आहे, सहा महिने आधी आला असता तर काही करता आलं असतं. आता घरी न्या, दुखणं कमी राहील असं बघू. महिना, फार तर दोन.

घरी आल्यावर सुमंतराव स्वातीवर उखडले. घरात बाईमाणूस असून तुला कळू नये? स्वाती उठली, कपाटातली मागच्या वर्षीची डायरी काढली, ऑक्टोबरचं पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

वळणदार अक्षर त्यांचंच होतं. मालती: काल रात्री दोनदाच उठावं लागलं, उपकार. मालती: पाण्याच्या दिवशी हंडे स्वातीनं उचलले, उपकार. मालती: उजव्या कुशीवर तासभर झोपता आलं, उपकार. मालती: अर्धी भाकरी पोटात राहिली, उपकार. नोव्हेंबर, डिसेंबर, नाताळचा दिवस. मालती: चर्चमध्ये शेवटच्या गीतापर्यंत उभं राहता आलं, उपकार. एकेका ओळीखाली त्यांनी पट्टीनं रेघ मारली होती.

"आईनं सगळं सांगितलंय, अप्पा," स्वाती म्हणाली. "मी बाजूला बसून ऐकलं आणि चहाकडं बघत राहिले. तुम्ही तर लिहूनसुद्धा घेतलंत."

बापलेक दोघंही नालायक ठरले, दुसरा शब्द नाही. पण स्वातीला रडता तरी आलं. सुमंतरावांना तेवढंही जमलं नाही. त्यांना आता एकच हवं होतं. मालतीनं एकदा, जायच्या आधी एकदा, सरळ तोंडानं तक्रार करावी. दुखतंय म्हणावं. तुमच्यामुळं झालं म्हणावं. ते ऐकल्याशिवाय ती गेली, तर उरलेलं आयुष्य आपण कुठल्या तोंडानं हात जोडणार, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या सकाळी त्यांनी चहा स्वतः केला. स्टूल तिच्या खाटेजवळ आणलं आणि जाहीर केलं, नियम आजपासून बंद. दुखतंय ते सांग. मालतीबाईंनी बशी झाकायची खूण केली. हात जोडले आणि म्हणाल्या, आज पेला मला धुवावा लागणार नाही, उपकार.

आता मात्र सुमंतरावांना अर्थ लागायला लागला होता, आणि ती शिक्षा काही साधी नव्हती. खिडकी उघडली, उपकार, म्हणजे रात्रभर जीव घुसमटला. गोळीनं पहाटेपर्यंत साथ दिली, उपकार, म्हणजे पहाटेनंतर नाही. ते रोज विचारायचे, ती रोज उपकार मानायची, आणि ते कसंबसं आमेन म्हणायचे. एकोणतीस वर्षांची सवय तिच्या हाडात गेली होती. ती लावणारे हेच.

विसाव्या का एकविसाव्या सकाळी तिला उशीला टेकवून बसवलं, तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. सुमंतराव खाटेशी खाली बसले. स्वाती दारात उभी होती.

"मालती, आज उपकार नको," ते म्हणाले. "तुला काय झालंय ते मला सांग. शिव्या दे, पण सांग."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले. काड्यांसारखे हात एकमेकांजवळ यायला वेळ लागला.

"प्रभू," ती म्हणाली, "आज यांनी विचारलं, म्हणून तुझे उपकार."

सुमंतरावांनी तोंड उघडलं. आमेन येईना. ती डोळे मिटून, हात जोडून त्यांच्या आमेनची वाट बघत बसून राहिली, आणि स्टुलावर तिन्ही पेल्यांत चहावर साय धरली.