साहेबांचा विनोद आणि माझा फळा

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःची फजिती स्वतःच्याच अक्षरात लिहून ठेवणारा माणूस पाहिलाय कधी? बघून घ्या मला.

नव्वदच्या दशकात मी बनारसला बँकेत होतो. अक्षर बरं, म्हणून दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे. मी आपले घरचेच ठोकायचो, हिंदीत. 'समाज म्हणजे चार लोक, आणि ते चौघे आपल्याच घरी चहाला असतात.' 'लग्नाआधी माणूस चंद्र आणायला निघतो, लग्नानंतर कोथिंबीर विसरतो.' लोक 'वाह गुरू' म्हणायचे आणि मी फुगायचो.

आमचे मॅनेजर मिश्राजी. रोज तोच म्हशीचा विनोद सांगायचे. एका सकाळी वैतागून मी लिहिलं, 'साहेबांच्या विनोदाला जो आधी हसतो, त्याच्या खिशात रजेचा अर्ज असतो.' तेवढं मात्र मराठीत. मराठी आपली घरातली भाषा, इथे कोणाला कळतेय? लिपी एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अकराला नागपूरहून तार आली. बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त अलीकडे आलाय, लगेच निघ. नवऱ्या मुलाचा कान पिळायला मी एकुलता एक भाऊ. घाईघाईत आठ दिवसांचा अर्ज लिहिला, खिशात घातला आणि केबिनमध्ये शिरलो.

साहेब हेडकॅशियर पांडेजींना म्हैस सांगत होते. म्हैस अजून गंगेत उतरलीही नव्हती आणि मी खो खो हसलो.



"देवधरजी, चुटकुला अभी बाकी है," साहेब म्हणाले आणि हात पुढे केला. "लाइए."

"क्या, सर?"

"अर्ज़ी. जेब में होगी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. अर्ज काढून दिला. त्यांनी शांतपणे वाचला.

"बहन की शादी और सिर्फ़ आठ दिन? दस लिखिए." वर म्हणाले, "हमारा बचपन अहिल्याबाई घाट पर बीता है. पड़ोस की काकी मराठी में ही डाँटती थीं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. लग्नात कान पिळला मेहुण्याचा, पण दुखत होता माझा.

दहा दिवसांनी परतलो. फळा कोणी पुसलाच नव्हता. माझ्या ओळीखाली साहेबांनी मराठीत लिहिलं होतं, 'उदाहरण : श्री. देवधर, दहा दिवस रजेवर.'

अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं होतं. तेव्हापासून फळा तेच लिहायला लागले.