दाजींनी निवडलेला चष्मा

आमच्या दाजींइतका जागेवर न ठरणारा माणूस भोर तालुक्यात दुसरा नाही, आणि वेल्ह्यात असलाच तर तोही एका जागी सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कापूरहोळला त्यांचं जळालेल्या मोटरींच्या तारा नव्याने भरून द्यायचं दुकान, घर उत्रोलीत. पण दुकानात असले की ते घरी निघालेले असतात आणि घरी असले की दुकानात. चहा उभ्याने, जेवण अर्धं पाटावर आणि अर्धं दारात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवामागचा जनरेटर खोलला होता, आणि तो बिघडलेलाही नव्हता. कॉम्प्युटरवर मोटरसायकलच्या शर्यती खेळायचा त्यांना भारी नाद, पण तोही उभ्याने. गेममध्ये वळण आलं की अख्खे दाजी वळायचे.

अक्काचं मात्र उलटं झालं. भाताच्या लावणीत पाय घसरून तिची कंबर गेली, आणि गोफण घेऊन बांधाबांधाने पाखरं उठवणारी बाई खुर्चीला लागली. दाजी तिच्याशी दोन मिनिटं बोलायचे आणि काहीतरी काम काढून पळायचे. मला त्यांचा राग यायचा. तिला तसं बसलेलं त्यांना बघवत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमारास डोक्याला लावून गेम खेळायचे व्हीआर चष्मे पुण्यातल्या दुकानांत पहिल्यांदा आले, आणि अक्काला असला चष्मा लावून पुन्हा रानात हिंडवायचं, असं दाजींनी मनात घेतलं. पण घ्यायचा कुठला? एकात मोबाईल घालायचा. तो सुटसुटीत, पण त्यात नुसती मान फिरवायची, पाऊल टाकलं तरी चित्र जागचं हलत नाही. दुसऱ्यात चालता येतं, धरायला दोन्ही हातांत मुठी मिळतात, पण डोक्यामागून जाड वायर थेट कॉम्प्युटरला. दाजींनी बैल पारखावा तसे दोन्ही पारखले. उलटेसुलटे केले, पट्टे ताणून पाहिले, वायरवाला घालून तरातरा चालायला गेले आणि हिसका बसून काउंटरवर आपटले. "पावणं, ह्ये तर दावं हाय," ते मला म्हणाले. "दाव्याला बांधून कुणी खेळतं व्हय?" मग मोबाईलवाला घातला, तर त्यात कोंडल्यासारखं झालं म्हणून घामाघूम होऊन काढला. असे चार रविवार गेले. येताना कापूरहोळच्या फाट्यापर्यंत त्यांचा निर्णय पक्का असायचा, भोरच्या रस्त्याला लागलो की बदलायचा. शेवटी मी वैतागून म्हणालो, जिच्यासाठी एवढं चाललंय तिला एकदा विचारा की. दाजी खिडकीची काच खालीवर करू लागले. विचारायचं तर तिच्यासमोर बसावं लागलं असतं.

पाचव्या रविवारी आम्ही अक्कालाच गाडीत घालून नेलं. खुर्चीत बसूनच तिने वायरवाला डोक्याला लावला. दुकानदाराने तरंगत्या फुग्यांना दगड मारायचा गेम लावून दिला. अक्काने जरा अंदाज घेतला, हातातली मूठ डोक्याभोवती गरगर फिरवली आणि झटक्यात हात सोडला. फुगा फुटला. मग दुसरा, मग तिसरा. दुकानदार दोन पावलं मागे सरला. दाजी आपले वायरीचं रडगाणं गातच होते, तेव्हा चष्म्याच्या आतूनच अक्का म्हणाली, "दावं तुमाला काचतंय. मला कुठं जायाचंय? ह्योच घ्या."

दाजींनी मान खाली घातली आणि तोच घेतला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अक्का अजून तोच लावून खेळते, आणि वायर तिच्या गळ्यात गुंतू नये म्हणून दाजी ती हाताने वर धरून तिच्यामागे उभे असतात, तासतासभर, जागचे न हलता. दुकानातून फोन येतात, ते घेत नाहीत. परवा मी सांगितलं, आता बिनवायरीचे चष्मे निघालेत, पुढच्या खेपेला घेऊन येतो. दाजींनी हातातली वायर आणखी जरा वर धरली.

"नगं," ते हळूच म्हणाले. "मग मी काय धरू?"