तिळाचं तेल आणि एक राखलेलं काडतूस

वामनअण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बंगळुरात, चामराजपेटेत न्हाव्याच्या खुर्चीवर होतो. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेस. शेजारच्या दुकानदाराने दारातूनच सांगितलं, "तुमच्या अण्णांच्या घरून माणूस आला होता... पहाटे गेले म्हणे." मी तसाच उठलो. शिवाजीनगरच्या बसमध्ये लोक माझ्याकडे का बघताहेत ते कळेना. अण्णांच्या दारात पोचलो तेव्हा कमलाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पदर तोंडावरून काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सदू, आजसुद्धा अर्धंच काम?" वाक्य अण्णांचं होतं. वीस वर्षं ते मला हेच म्हणत आले. मग मात्र मला रडू आवरेना, आणि न्हाव्याचा टॉवेल गळ्यातच राहिला होता तो उपयोगी पडला.

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यात. ते टूलरूममध्ये, मी ड्रॉइंग ऑफिसात. मी कागदावर चुकायचो, ते लोखंडावर दुरुस्त करायचे. त्यांना खरं तर सैन्यात जायचं होतं. दुसरं महायुद्ध चालू असताना भरतीला गेले, आणि डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरने 'निकामी' म्हणून परत पाठवलं. युद्ध संपल्यावर लष्कराचं नको असलेलं सामान विक्रीला निघालं. तंबू, घोंगड्या, पाण्याचे चंबू, वाट्टेल ते. आम्ही घोंगडी घ्यायला म्हणून निघालो होतो. अण्णा परतले ते कॅन्टोन्मेंटमधल्या म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे एक पिस्तूल बघून! कुठल्या तरी इटालियन शिपायाकडून आफ्रिकेत हिसकावलेलं, मुठीचं लाकूड चिरलेलं. रीतसर परवाना काढून त्यांनी ते घेतलं. कमलाक्का म्हणाल्या, "अहो, थंडीत हे पांघरणार का?" अण्णा हसले. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "लष्करानं मलाही मोडीत काढलं आणि यालाही. आता दोघांनी एकमेकांना चालू ठेवायचं."

चालू ठेवायचं, पण कशावर? पिस्तुलाबरोबर मिळालेला काडतुसांचा डबा संपला, आणि त्या मापाचं काडतूस पुढे बंगळुरात मिळेना, मद्रासेत मिळेना, मुंबईच्या दुकानदाराने तर पत्राचं उत्तरही दिलं नाही. तेव्हा अण्णांनी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याच पुन्हा भरायला घेतल्या. परवान्यावर तशी नोंद करून घेतली, भंगारातून एक छोटा हातप्रेस जमवला, सोनाराचा तराजू आणला. ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या तेवढ्या घरी होण्यासारख्या नव्हत्या. त्या बंदूकवाला मोठ्या मिनतवारीने चिमूटभर द्यायचा. शिसं आणायचं काम माझं. आमच्या चामराजपेटेतल्या छापखान्यातून मी झिजलेले कन्नड टाइप मोडीच्या भावाने आणी. ते वितळवून गोळ्या ओतल्या जात. एखाद्या गोळीत अर्धी लग्नपत्रिका आणि पाव निवडणूक सहज असे.

पुंगळी मात्र सोन्यासारखी जपायची, कारण ती हरवली की काडतूसच गेलं. पिस्तूल उडालं की पुंगळी उजवीकडे टणकन उडते आणि गवतात नाहीशी होते. त्यावर उपाय कमलाक्कांनी काढला. त्यांचं जुनं नऊवारी लुगडं नेमबाजीच्या मैदानावर दोन काठ्यांना बांधायचं, की पुंगळ्या अलगद त्यात येऊन पडत. लुगडं धरून उभा राहायचो मी. नेमबाजीच्या क्लबातले साहेबलोक विचारत, "हे कसलं निशाण?" मी छाती काढून सांगे, "मराठा रेजिमेंटचं!"

एकदा मला उत्साह आला. पुंगळ्या काळवंडल्या होत्या, म्हणून घरातल्या देवांसारख्या चिंच लावून घासाव्यात असं ठरवलं. ठरवून थांबलो असतो तर बरं. अधिक लख्ख होतील म्हणून मी त्या चिंचेच्या पाण्यात उकळायला ठेवल्या, आणि भांडं घेतलं ते नेमकं कमलाक्कांच्या साराचं. अक्कांनी सारच समजून वरून फोडणी दिली... अण्णांनी चमच्याने एकेक पुंगळी बाहेर काढली, मोजली. मग माझ्या दोन्ही हातांकडे बराच वेळ बघत राहिले.

मग ते वर्ष आलं. परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तर नवे पोलीस अधिकारी म्हणाले, "ज्या पिस्तुलाची गोळी बाजारात मिळत नाही, ते ठेवून काय करणार? निकामी म्हणून जमा करा." निकामी हा शब्द ऐकल्यावर अण्णांचा चेहरा मी पाहिला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मी उडवून दाखवतो." अधिकाऱ्यांना सवड होती ती दसऱ्याच्या दिवशी. उडालं तर सही, नाही तर पिस्तूल तिथल्या तिथे जमा. बंदूकवाल्याकडच्या उरल्यासुरल्या टिकल्या लावून अण्णांनी काडतुसं भरली. त्यानंतर टिकली म्हणून शिल्लक नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. अण्णा आंघोळीला गेले आणि शस्त्रपूजेची मांडामांड माझ्यावर सोपवून गेले. पाटावर पाने, पकडी, हातप्रेस, पिस्तूल, आणि काडतुसं उभी पालथी, बूड वर करून. तुम्ही काडतुसाचं बूड पाहिलंय का? गोल, आणि बरोबर मध्यभागी ती टिकली. अगदी कपाळ. असं कपाळ मोकळं ठेवणं मला अशुभ वाटलं. कोरडं कुंकू पितळेवर ठरेना, म्हणून समईतल्या तिळाच्या तेलात बोट बुडवलं आणि प्रत्येकाला ठसठशीत टिळा लावला. पूजेतली हत्यारं दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाहीत ही आमच्याकडची रीत. तेल रात्रभर निवांत टिकलीच्या आत मुरलं. सकाळी अण्णांनी कुंकू पुसलं आणि म्हणाले, "छान मळवट भरलास रे."

मैदानावर मी लुगडं धरून उभा. अधिकारी खुर्चीत. अण्णांनी नेम धरला, चाप ओढला. खट्! उशिराने उडेल म्हणून पिस्तूल मातीच्या बांधाकडे रोखून ते थांबले, काडतूस काढलं, दुसरं भरलं, पुन्हा चाप ओढला. खट्! शेवटच्या काडतुसापर्यंत नुसतं खट्. अण्णांनी शेवटचं नाकाशी नेलं, आणि हळूच मला विचारलं, "सदू, तीळ?"

मी मान डोलावली. लुगड्यात तोंड लपवण्याची सोय होती, ती वापरली.

अधिकाऱ्यांनी एक काडतूस उचलून निरखलं. कडेला कुंकवाची रेघ राहिली होती. "एन्री, आयुधपूजा जोरा?" म्हणजे काय हो, शस्त्रपूजा जोरात झाली का, असं ते कन्नडमध्ये म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण मागे उभ्या त्यांच्या जीपला केळीचे खुंट बांधलेले होते आणि चाकाखाली कोहळा फुटलेला होता. "कुणी केली पूजा?"

"आमच्या घरची पूजा, साहेब," अण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पण अण्णा, गोळी तर उडाली पाहिजे." अधिकाऱ्यांनी पिस्तुलासाठी हात पुढे केला.

"स्वल्प थांबा," म्हणत अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. हातरुमालात गुंडाळलेलं एक काडतूस निघालं. मी आ वासून पाहत राहिलो. "एक नेहमी बाजूला ठेवतो," ते मला म्हणाले. "साराच्या दिवसापासून. तुझ्या हाताची मला खात्री आहे."

ते उडालं! बांधावरची माती उसळली, पुंगळी लुगड्यात येऊन पडली, आणि अधिकारी "सरी, सरी", ठीक ठीक, म्हणत सहीसाठी पेन शोधू लागले. अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्यांना फारच वेळ लागला...

पुढे दर खंडेनवमीला अण्णा पूजेच्या आधी माझ्या घरी हजर. माझ्या पाटाजवळची तेलाची वाटी उचलायची, खिडकीत नेऊन ठेवायची, आणि मग कॉफी मागायची.

ते गेल्यावर पिस्तूल कायद्याप्रमाणे जमा झालं. पुंगळ्यांचा डबा कमलाक्कांनी माझ्या हातात दिला. परवाच्या खंडेनवमीला मी तो पाटावर मांडला. रिकाम्या पुंगळ्या, आता तेलाने काय बिघडणार होतं? तरी कॉफी निवत ठेवून मी थोडा वेळ दाराकडे बघत बसलो. मग उठलो, तेलाची वाटी खिडकीत ठेवली. कुंकू कोरडंच लावलं, अर्धंअधिक गळून पडलं.

आणि एक पुंगळी पाटावरून उचलून, हातरुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकली. माझ्या हाताची आता मलाही खात्री आहे.